चपलेला एक न्याय, कापडाला दुसरा : एक देश, एक बाजार, पण हिशेब कुणाच्या हाती?

नाशिकच्या इंदिरानगरात मुंबई-आग्रा महामार्गाखालचा बोगदा ओलांडला, की संध्याकाळच्या वेळी रस्त्याच्या कडेला हातावर पोट असणाऱ्यांची रांग लागलेली दिसते. त्या रांगेत एका चर्मकार बांधवाचा ठेला आहे. पुढ्यात आरी, रापी, सोल्युशनचा डबा आणि मागे दोरीला टांगलेल्या तयार चपला. नुसत्या दुरुस्तीवर घर चालत नाही, म्हणून ठोक बाजारातून माल आणून तो विकतो. तीनशे-चारशे रुपयांच्या पलीकडची चपल त्याच्याकडे नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक म्हणजे बांधकामावरचा मजूर, धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणी, आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला जाणारी पोरे.

परवा त्याच्याकडे चपलेचा अंगठा शिवून घेत असताना बोलणे निघाले. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता म्हणून विचारतो. दोन हजार बावीसच्या सालात चपलेवरचा टॅक्स पाचाचा बारा झाला. त्याच वेळी कापडावरचाही वाढणार होता, तो थांबला. आमचा का नाही थांबला? कोणी ठरवलं?"

प्रश्न साधा आहे. परंतु वाचकहो, त्याचे सरळ उत्तर मला देता आले नाही. घरी येऊन कागदपत्रे चाळली, तेव्हा लक्षात आले की उत्तर न मिळणे हाच या व्यवस्थेचा खरा रोग आहे. आजचा लेख त्याविषयी आहे.

घटना अशी. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, लागू झाला. राज्याराज्यांच्या सीमेवरचे तपासणी नाके उठले. आपल्या नाशिककरांनी तर आधी जकात पाहिली, २०१३ नंतर एलबीटी पाहिला आणि मग जीएसटी पाहिला. "एक देश, एक कर, एक बाजार" अशी घोषणा झाली. १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौ येथे जीएसटी परिषदेची ४५ वी बैठक झाली. कच्च्या मालावर कर जास्त आणि तयार मालावर कमी, अशी उलटी स्थिती दुरुस्त करायची म्हणून १ जानेवारी २०२२ पासून कापड आणि पादत्राणे या दोहोंवरील कराची फेररचना करण्याचे तिथे ठरले. हजार रुपयांपर्यंतच्या चपलेवरचा कर ५ वरून १२ टक्के होणार होता. पुढे गुजरात, पश्चिम बंगाल, दिल्ली, राजस्थान, तामिळनाडू इत्यादी राज्यांनी कापडावरील वाढीला विरोध केला. वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर २०२१ रोजी, परिषदेची ४६ वी बैठक तातडीने बोलावण्यात आली आणि कापडावरची वाढ पुढे ढकलली गेली. चपलेवरची वाढ मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लागू झाली!

हिशेब करून पाहा. चारशे रुपयांच्या चपलेवर पाच टक्क्यांनी वीस रुपये कर होत होता, बारा टक्क्यांनी अठ्ठेचाळीस रुपये झाला. म्हणजे एका जोडामागे अठ्ठावीस रुपये जास्त. ज्याची दिवसाची मजुरी चारशे-पाचशे आहे, त्याच्यासाठी हे अठ्ठावीस रुपये म्हणजे घरातल्या लेकराचे दूध आहे. आणि याच काळात सोन्यावर जीएसटी किती होता? तीन टक्के. गळ्यातल्या सोन्याला तीन आणि मजुराच्या पायातल्या चपलेला बारा!

कापडाची वाढ थांबली याचे आम्हाला दु:ख नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागावर राबणारा कामगारही आपलाच आहे. प्रश्न असा आहे की एकाच बैठकीत, एकाच कारणासाठी ठरलेल्या दोन वाढींपैकी एक थांबते आणि दुसरी थांबत नाही, तर तो फरक कोणत्या निकषावर झाला? कापडामागे मोठमोठ्या व्यापारी संघटना होत्या, राज्यांचे अर्थमंत्री होते. चपल शिवणाऱ्याच्या मागे कोण होते? ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चामडे कमावले आणि त्याच कामासाठी अस्पृश्यता भोगली, त्याची बाजू त्या बंद दारामागे कोणत्या मंत्र्याने मांडली? हे त्याच वेळी लोकांसमोर यायला हवे होते.

आता चपलेवरून कांद्याकडे येऊ. इंदिरानगरातल्या भाजीबाजारात जो कांदा येतो तो निफाड, चांदवड, येवला, दिंडोरीकडचा. त्या भागातला शेतकरी लासलगाव, पिंपळगावच्या लिलावात उभा राहतो, आणि देशातल्या कांद्याच्या भावाची चर्चा लासलगावच्या भावापासून सुरू होते. निर्यात हा केंद्राचा विषय आहे. म्हणजे देशाचा बाजार एक आणि त्या बाजाराचे बाहेरचे दारही एक, त्याची किल्ली दिल्लीत. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, ती पुढे वाढवली. चाळीत कांदा, दारात सावकार, अशी शेतकऱ्याची गत झाली.

बंदी सर्वांना सारखी असती तर एक वेळ समजून घेता आले असते. पण २५ एप्रिल २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, केंद्राची एक अधिसूचना निघाली. दोन हजार टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी! मुंद्रा, पिपावाव आणि न्हावा शेवा ही तीन बंदरे ठरवून दिली. आणि अट कोणती? माल आणि त्याचे प्रमाण याबाबत गुजरात सरकारच्या फलोत्पादन आयुक्ताचा दाखला हवा. म्हणजे सवलतीच्या दारावरचा पहारेकरीही एकाच राज्याचा! नाशिकच्या शेतकऱ्याने विचारले, "त्यांचा पांढरा कांदा जातो, मग आमचा उन्हाळ कांदा का नाही?" गदारोळ झाला. तेव्हा दोन दिवसांनी, २७ एप्रिलला, केंद्राने खुलासा केला की बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा पाठवण्यास परवानगी दिलेली आहे आणि त्यातला बहुतांश कांदा महाराष्ट्राचा आहे. ४ मे रोजी बंदी उठली, ती ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यात मूल्याची अट ठेवून. ते शुल्क पूर्णपणे जायला १ एप्रिल २०२५ उजाडले.

केंद्राचा खुलासा खरा मानू. दोन हजार टन हे प्रमाण लहान होते हेही मान्य करू. तरीही प्रश्न उरतोच. महाराष्ट्राच्या कांद्यासाठी परवानगी होती, तर ती कुणामार्फत, कुठल्या भावाने, कोणत्या शेतकऱ्याकडून, हे आधीच जाहीर का केले नाही? ओरड झाल्यावर दिलेली माहिती ही पारदर्शकता नव्हे, ती सारवासारव होय. नियम बरोबर की चूक हा एक भाग झाला. पण नियमातून सुटका कुणाला आणि का मिळाली हे ज्याला कळत नाही, तो माणूस त्या बाजाराचा नागरिक नसतो. तो केवळ प्रजा असतो.

आंबेडकरी माणसाला हे दुखणे नवे नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्याला हात कुणी लावू शकले काय? नाही. अंमल करणारी यंत्रणा नव्हती, ठराव मोडणाऱ्याला जाब विचारणारे कुणी नव्हते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी प्यावे लागले. आणि पुढे न्यायालयात लढून उच्च न्यायालयाचा निकाल मिळायला १९३७ साल उजाडले. महाडने आपल्याला शिकवले की नियम लिहिला जाणे आणि नियम पाळला जाणे यांच्या मधल्या अंधारातच अन्याय दबा धरून बसलेला असतो.

बाबासाहेब हे अर्थशास्त्राचे अव्वल दर्जाचे पंडित होते, याचा आपल्यालाही अनेकदा विसर पडतो. केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाच्या व्यवहाराचा त्यांनी केलेला अभ्यास, म्हणजे ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ, १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. आज ज्याला आपण केंद्र-राज्य आर्थिक संबंध म्हणतो, तो विषय त्यांनी शंभर वर्षांपूर्वी हाताळला होता. घटना समितीत ३० मे १९४९ रोजी बोलताना त्यांनी महालेखापरीक्षकाचे पद हे राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद असल्याचे मत मांडले होते. पैसा कुणी, कुठे, कशासाठी घेतला आणि खर्च केला हे तपासणाऱ्याला त्यांनी एवढे मोठे स्थान दिले होते!

त्याच राज्यघटनेच्या तेराव्या भागात, अनुच्छेद ३०१ ते ३०७ मध्ये, भारताच्या एकसंध बाजाराची कलमे आहेत. अनुच्छेद ३०१ सांगतो की भारतभर व्यापार, वाणिज्य आणि दळणवळण मुक्त असेल. अनुच्छेद ३०३ सांगतो की कायदा करताना एका राज्याला झुकते माप देता येणार नाही किंवा राज्याराज्यांत भेदभाव करता येणार नाही. टंचाईसारख्या परिस्थितीचा अपवाद संसदेला आहे, पण तोही कायद्यात स्पष्ट नमूद करून. आणि अनुच्छेद ३०७ सांगतो की या कलमांच्या अंमलबजावणीसाठी संसद एक प्राधिकरण नेमू शकेल. हे प्राधिकरण कुठे आहे? कुठेच नाही! सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये त्याची शिफारस केली, पुंछी आयोगाने २०१० मध्ये आंतरराज्य व्यापार आयोगाची शिफारस केली. अहवाल कपाटात गेले. बाजाराचे नियम आहेत, पण चपलेवाला, कांदेवाला, तेलवाला जिथे जाऊन "माझ्यावर अन्याय झाला" म्हणू शकेल असा दरवाजाच नाही.

मग जीएसटी परिषद आहे ना? आहे. १०१ व्या घटनादुरुस्तीने २०१६ साली ती आली. तिच्यात केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश. निर्णयासाठी तीन चतुर्थांश मते लागतात. साधे गणित मांडा : सगळी राज्ये एका बाजूला गेली तरी केंद्राशिवाय काही मंजूर होत नाही. राज्यांना केंद्राचा प्रस्ताव अडवायचा तर ३१ पैकी १२ जणांना एकत्र यावे लागते. परिषद सहसा एकमताने निर्णय घेते असे सांगितले जाते. पहिले मतदान झाले ते १८ डिसेंबर २०१९ रोजी, आणि तेही कशावर? लॉटरीवरील करावर! पीठ, तांदूळ, चपल यांच्यासाठी नव्हे.

बैठक बंद दाराआड होते. बाहेर पत्रकार परिषद होते. बैठकीचे इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम होते. ५५ वी बैठक २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरला झाली आणि ५६ वी थेट ३ सप्टेंबर २०२५ रोजी. म्हणजे कोणत्या राज्याने काय बाजू मांडली हे अधिकृतपणे कायम व्हायला आठ महिन्यांहून अधिक काळ! तोवर वाढलेला कर गोरगरिबांच्या खिशातून वसूल होऊन गेलेला असतो. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद पीठ, तांदूळ, दह्यावर पाच टक्के कर लागला, तेव्हा हा निर्णय सर्व राज्यांच्या संमतीने झाल्याचे केंद्राने सांगितले आणि काही राज्यांच्या मंत्र्यांनी आपला विरोध होता असे सांगितले. खरे कोण? सामान्य माणसाने त्या दिवशी कोणत्या कागदावर बोट ठेवायचे?

राज्याराज्यांतील वाद सोडवण्यासाठी परिषदेने यंत्रणा उभारावी, असे अनुच्छेद २७९क स्वत: सांगतो. ती यंत्रणा उभी राहिली नाही. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोहित मिनरल्स खटल्यात निकाल दिला की परिषदेच्या शिफारशी राज्यांवर सरसकट बंधनकारक नाहीत. म्हणजे आपल्या विधानसभेला या विषयावर बोलण्याचा, विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. जीएसटीचे अपील न्यायाधिकरण सुरू व्हायला २४ सप्टेंबर २०२५ उजाडले, म्हणजे कर आल्यानंतर आठ वर्षे! मोठी कंपनी थेट उच्च न्यायालयात जाते. छोट्या दुकानदाराने या आठ वर्षांत कुठे जायचे होते?

आता कळस ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या चपलेवरचा कर पुन्हा पाच टक्के झाला. चांगले झाले. जवळपास पावणेचार वर्षे गरिबाकडून बारा टक्के घेऊन झाल्यावर का होईना, शहाणपण आले. पण कर कमी झाला की भावही कमी झाला पाहिजे, हे पाहण्यासाठी कायद्याच्या कलम १७१ खाली नफेखोरीविरोधी यंत्रणा २०१७ पासून होती. २०२२ अखेर ती स्पर्धा आयोगाकडे गेली, ऑक्टोबर २०२४ पासून न्यायाधिकरणाकडे, आणि १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणेच बंद झाले. म्हणजे सप्टेंबरमध्ये एवढी मोठी करकपात आली, तेव्हा त्या कलमाखाली तक्रार घेणारी खिडकी सहा महिने आधीच बंद होती! ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक तेवढा दिला गेला. इंदिरानगरचा आमचा तो बांधव सांगतो, "भाऊ, ठोकवाल्यानं भाव थोडा उतरवला, पण पुरता उतरला का, ते मला कसं कळणार?" त्याला कळू नये अशीच ही सोय आहे.

जगात इतरत्र काय चालते हेही पाहू. युरोपात सहा देशांनी १९५७ साली रोमच्या कराराने सामाईक बाजाराची पायाभरणी केली आणि १ जानेवारी १९९३ पासून एकसंध बाजार सुरू झाला. तिथे एखाद्या सदस्य देशाला मालासंबंधी नवा तांत्रिक नियम करायचा असेल, तर १९८३ पासून दंडक आहे की आधी मसुदा युरोपीय आयोगाला कळवायचा आणि साधारणत: तीन महिने थांबायचे. तो मसुदा आज कुणालाही वाचता येतो. एखादा देश सामाईक नियम मोडत असेल तर साधा नागरिक आयोगाकडे तक्रार करू शकतो, आणि तेही चोवीस अधिकृत भाषांपैकी आपल्या भाषेत. आयोग त्या देशाला नोटीस देतो, कारणांसह मत कळवतो, ऐकले नाही तर न्यायालयात खेचतो आणि दंडही होऊ शकतो. आपल्याकडे केंद्राच्या अधिसूचना इंग्रजीत आणि हिंदीत. मराठी चपलेवाल्याने त्या कुणाकडून वाचून घ्यायच्या?

युरोप म्हणजे स्वर्ग आहे असे मात्र समजू नये. तिथेही आयोग आणि सदस्य देश यांच्यातला पत्रव्यवहार चौकशी चालू असेपर्यंत गुप्त राहतो, आणि २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही गुप्तता साधारणपणे योग्य ठरवली. तक्रार करणारा नागरिक वर्षानुवर्षे वाट पाहतो आणि मागे काय देवाणघेवाण झाली हे त्याला कळत नाही, अशी टीका तिथेही होते. म्हणजे बंद दाराआड समझोता करण्याची सत्तेची खोड जगभर सारखीच. फरक एवढाच, की तिथे निदान दार कुठे आहे आणि ते कुणी ठोठवायचे हे ठरलेले आहे.

आपल्याकडे कायदाच नाही असेही नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ काय सांगते? लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना किंवा निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित वस्तुस्थिती सरकारने आपणहून प्रसिद्ध करावी. आणि ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयाची कारणे द्यावीत. मागावी लागू नयेत, द्यावीत! म्हणजे बोले ठरावाप्रमाणे हेही कागदावर आहे. अंमल तेवढा नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. एक, अनुच्छेद ३०७ खालील प्राधिकरण संसदेने नेमावे आणि त्यात छोटे शेतकरी, कारागीर आणि फेरीवाले यांच्या वतीने बोलणारे सदस्य असावेत. दोन, जीएसटी परिषदेत कोणत्या राज्याने काय बाजू मांडली याचे इतिवृत्त पंधरा दिवसांत प्रसिद्ध व्हावे. तीन, निर्यातबंदी असो वा कर, कुणालाही सूट दिली तर त्याच दिवशी कारणासह जाहीर करावी. चार, करकपातीचा लाभ ग्राहकाला मिळाला की नाही याची तक्रार घेणारी खिडकी पुन्हा उघडावी. पाच, हे सर्व मराठीत मिळावे. आणि महाराष्ट्राच्या प्रतिनिधीने परिषदेला जाण्यापूर्वी विधिमंडळाला राज्याची भूमिका सांगावी आणि परत आल्यावर हिशेब द्यावा.

या मागण्या दिल्लीला पोहोचायला वेळ लागेल. तोवर आपण हात बांधून बसायचे काय? नाही. दहा रुपयांचे तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील बांधवाला तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. बोगद्याजवळच्या त्या बांधवाला मी परवा सांगितले, तुमचा प्रश्न आपण कागदावर लिहू. त्याने ठेल्यावरची रापी बाजूला ठेवली, हात पुसले आणि सांगत गेला, मी लिहीत गेलो : "चपलेवरील कर ५ वरून १२ टक्के करताना आणि कापडावरील वाढ थांबवताना महाराष्ट्र शासनाच्या प्रतिनिधीने परिषदेत काय भूमिका मांडली, त्याची प्रत मिळावी." खाली त्याने सही केली. अर्ज राज्याच्या वित्त विभागाकडे रवाना झाला आहे.

उत्तर काय येते ते पाहू. गोपनीय म्हणून नाकारले तर अपील करू. पण प्रत्येक वस्तीतून, प्रत्येक ठेल्यावरून, प्रत्येक कांद्याच्या चाळीतून असा एकेक अर्ज गेला, तर बंद दाराला फट पडल्याशिवाय राहणार नाही. तळे खुले असल्याचा ठराव महाडला होताच. पाणी मिळाले ते तळ्यापर्यंत चालत गेल्यावर.

जयभीम!